एका बाजूला ओढणारी साखळी

करवतीच्या साखळीला सगळं माहीत असतं, असं धारवाल्या काकूंचं ठाम मत होतं. काकूंचं मत ठाम नसेल असा विषय तसा त्या गावात अजून निघायचाच होता. इंजिनाच्या करवतीची साखळी हातात आली, की त्या दोन बोटांनी तिचे दाते चाचपायच्या, नाकाशी धरून वास घ्यायच्या आणि गिऱ्हाइकाच्या आठवडाभराच्या करामती त्याच्याच तोंडावर सांगून टाकायच्या.

"वाळकं लाकूड कापलंत. शिवाय करवत जमिनीला टेकवलीत. आणि तेल संपलं तरी रेटत राहिलात. खरं की नाही?"

गिऱ्हाईक कितीही मोठं असो, मान खाली घालून म्हणायचं, "खरं."

दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक खोली. खिडकीखाली लाकडी बाक, त्यावर साखळी घट्ट धरणारी लोखंडी पकड, भिंतीवर जाडीप्रमाणे टांगलेल्या कानशी, कोपऱ्यात तेलाचे डबे आणि समोर बसायला सात स्टुलं, त्यातलं एक डुगडुगतं. उशिरा येणाऱ्याच्या नशिबी ते डुगडुगतं. मागच्या खोलीत सासूबाई खिडकीशी बसून असायच्या. वय चौऱ्याऐंशी, त्यांना ऐकू कमी यायचं, पण ते त्यांच्या सोयीने. दुकान मुळात काकूंच्या नवऱ्याचं. काका हृदयाच्या दुखण्याने गेले त्याला नऊ वर्षं झाली होती. तेराव्या दिवसानंतर काकूंनी त्यांचा कातडी एप्रन बांधला, दोन बोटं आत दुमडून स्वतःच्या मापाचा केला आणि बाकाशी उभ्या राहिल्या. तेव्हापासून आजतागायत त्यांना बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

गावाच्या चहूबाजूंनी जंगल होतं आणि ते सगळं खाजगी. कुणाचं दोन एकर, कुणाचं तीस. बेकरीवाल्याचं होतं, गुरुजींचं होतं, पोस्टातल्या बाईंचं होतं. जंगल प्रत्येकाचं होतं आणि त्यातलं कळत मात्र फारसं कुणालाच नव्हतं. गेल्या तीन वर्षांत पाइनच्या झाडांना सालीखालची कीड लागली होती. जो तो आपल्या मनाने तोडत होता, नको ते झाड पाडत होता आणि हवं ते सोडत होता. काकूंना हे साखळ्यांवरून कळायचं. पोखरलेल्या लाकडाचा बारीक पिवळा भुसा दात्यांत अडकून यायचा, दर महिन्याला जरा जास्तच. असंच चाललं तर दहा वर्षांत धार लावायला साखळी उरणार नाही आणि साखळीने कापायला झाड उरणार नाही, हे त्यांना दिसत होतं. जीव तुटायचा त्यांचा.

अशात एका सोमवारी फॉर्मवाले साहेब दारात उभे राहिले. वनखात्याच्या सर्वेक्षणाचे ते साहेब. पन्नाशीचे, टक्कल पडलेले, बुटांना चिखल आणि बॅगेला कुत्र्याच्या दातांची भोकं. त्यांनी जंगलमालकांना दोनशे बारा फॉर्म टपालाने पाठवले होते. नऊ परत आले, आणि त्यातल्या एका पाकिटात फॉर्मच्या जागी विजेचं बिल निघालं.

"शुक्रवारी पाचच्या आत साठ फॉर्म पाहिजेत, बाई," साहेब रडकुंडीला येऊन म्हणाले. "साठ झाले तर या भागाला पाच वर्षं स्वतःचा वनतज्ज्ञ मिळणार. प्रत्येकाच्या जंगलात जाऊन सांगेल, काय राखायचं, काय तोडायचं, काय लावायचं. नाही झाले, तर तो नदीपलीकडच्या लोकांना. दारोदार फिरतोय मी. सगळे म्हणतात, नंतर या."

काकूंनी एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा समोरच्या सात स्टुलांकडे. सातही स्टुलांवर सात जंगलमालक हात मांडीवर ठेवून, साखळीची वाट बघत, छताकडे पाहत बसले होते.

"फॉर्म भरायला किती वेळ लागतो?"

"अठरा मिनिटं. आम्ही मोजलीयत."

"माझ्या साखळीला वीस लागतात. इथंच बसा. वरची दोन मिनिटं चहाला."

एकाला उठवून अशी साहेबांची स्थापना डुगडुगत्या स्टुलावर झाली. फॉर्म भराभर भरले जाऊ लागले. पण अडचण अशी, की जंगलमालक फॉर्म भरत नव्हते, स्वतःवर गौरवग्रंथ लिहीत होते. गुरुजींनी 'विरळणी कधी करता?' यापुढे मोत्यासारख्या अक्षरात 'दरवर्षी, नियमाने' असं लिहिलं. काकूंनी साखळी घासता घासता खांद्यावरून वाचलं.

"गुरुजी, तीन वर्षं तुमच्या साखळीने सरपणाशिवाय काही कापलेलं नाही. खोडा."

गुरुजींनी आयुष्यभर दुसऱ्यांचे पेपर लाल केले होते. त्यांनी निमूटपणे खोडलं.

बेकरीवाल्याने 'जंगलात किती वेळा जाता?' याला 'दर आठवड्याला' लिहिलं, तेव्हा काकू नुसत्या हसल्या. "गेल्या खेपेला तुमच्या करवतीच्या मुठीत कोळ्याने संसार थाटला होता. पोरंबाळं होती त्याला."

साहेब कासावीस झाले. "बाई, उत्तर देणाऱ्यावर प्रभाव टाकायचा नाही, असं आमच्या सूचनांत आहे."

"प्रभाव कुठे टाकतेय? आठवण करून देतेय. खोटं लिहिलेल्या कागदावर तो तुमचा तज्ज्ञ काय कप्पाळ उपाय करणार?"

यावर साहेबांच्या सूचनांत काही नव्हतं.

बुधवारी गप्पीदास आले. या गृहस्थांना हे नाव कुणी आणि का ठेवलं ते सांगायला नकोच. दिवसाकाठी दहा शब्द बोलले तर त्यांचा घसा दुखत असावा. साठीचे, एकटे, उंच, काकांचे जुने मित्र. त्यांचं दोन एकर जंगल काकूंच्या आठ एकरांना लागूनच होतं. हिवाळ्यात दर पंधरवड्याला साखळी घेऊन यायचे, ठेवायचे, "शुक्रवारी येतो" म्हणायचे आणि जायचे. काकू त्यांना भावजी म्हणायच्या आणि सगळ्यांत जास्त बोलायच्या त्यांनाच. समोरून उत्तर येत नसलं की बोलायला जोर चढतो.

"पुन्हा तेच!" काकूंनी साखळी उजेडात धरली. "भावजी, जंगलात बसून स्वतः कानस मारू नका, हजारदा सांगितलं. तुमचा हात एकाच बाजूला जोर करतो. उजवीकडचे दाते खाऊन टाकलेत, डावीकडचे तसेच. अशी साखळी एका बाजूला ओढते. काप सरळ जातच नाही, बशीसारखा वाकडा जातो. आणा ती कानस इकडे."

गप्पीदासांनी खिशातून कानस काढून दिली. काकूंनी ती गल्ल्याच्या खणात टाकून खण बंद केला. मग गप्पीदास फॉर्म घेऊन बसले आणि कधी नव्हे ते भरभर लिहू लागले. नवव्या प्रश्नापाशी काकूंची नजर पोचली. 'आपण स्वतःच्या जंगलात वर्षातून किती दिवस काम करता?' त्यापुढे लिहिलं होतं: बारा.

"बारा?" काकूंची कानस हवेत थांबली. "अहो, ही साखळी बारा दिवसांची आहे का? लोक करतात त्याहून जास्त लिहितायत आणि तुम्ही कमी? दोन एकरांत एवढी साखळी झिजते म्हणजे निदान चाळीस दिवस."

"बाराच," गप्पीदास म्हणाले.

"साखळी खोटं बोलत नाही. चाळीस लिहा."

दुकानातले सगळे बघत होते. गप्पीदासांचे कान लाल झाले. त्यांनी क्षणभर आपल्या बुटांकडे पाहिलं, मग बारा खोडून चाळीस लिहिलं आणि फॉर्म साहेबांच्या हातात देऊन निघून गेले. काकूंना फार बरं वाटलं. आणखी एक फॉर्म आपण खरा करून घेतला, असं त्यांना वाटलं.

शुक्रवारी बारा वाजता साहेबांनी गठ्ठा मोजला. पुन्हा मोजला. थुंकी लावून तिसऱ्यांदा मोजला.

"एकोणसाठ," ते म्हणाले आणि दाराकडे बघू लागले. रस्त्यावर कुणी नव्हतं. यायचे ते येऊन गेले होते.

"काकू," गुरुजी हळूच म्हणाले, "तुमचा कुठाय?"

"माझा काय, भरते की," असं म्हणून काकूंनी हात पुसले, फॉर्म बाकावर घेतला, उभ्या उभ्या नाव-गाव लिहिलं, क्षेत्र आठ एकर लिहिलं आणि सातव्या प्रश्नापाशी त्यांचं पेन अडलं. 'आपण आपल्या जंगलात शेवटचे कधी गेलात?'

काकू नऊ वर्षांत जंगलात गेल्या नव्हत्या. जंगल काकांचं लाडकं. शेवटच्या वर्षी त्यांनी पाइनच्या मध्ये ओकची दोनशे रोपं लावली होती, एकेक हाताने, आणि रोज रात्री जेवताना रोपांचं कौतुक सांगून काकूंना वात आणला होता. ते गेल्यावर काकूंचे पाय तिकडे वळलेच नाहीत. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता रोपं मेली असणार, झुडपं माजली असणार, आणि ते बघायला आता जायचं कोणत्या तोंडाने, असं होऊन बसलं. कुणी विचारलं की काकू म्हणायच्या, "जंगल ना? छान आहे. जाऊन येते अधूनमधून." हे वाक्य इतक्या वर्षांत इतकं गुळगुळीत झालं होतं, की आता त्याला खोटं म्हणायचं कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

'गेल्या महिन्यात' एवढंच लिहायचं होतं. खोडायला लावणारं कुणी नव्हतं. पण काकांची करवत भिंतीवर टांगलेली होती. तिच्या साखळीवर नऊ वर्षांचा गंज होता, आणि आठवडाभर काकूंच्या हाताखाली खोडाखोड केलेले गुरुजी नेमके तिच्याकडेच बघत होते. सगळ्या वर्गाने कॉपी केल्यावर, आता हाही करतो का म्हणून हुशार मुलाकडे बघावं तसे.

काकूंनी पेन ठेवलं. एप्रन सोडून खुंटीला लावला.

"पाचच्या आत येते," त्या म्हणाल्या. "साहेब, कुठे जाऊ नका. गुरुजी, सासूबाईंना तीन वाजता चहा द्या. साखर विचारतील, देऊ नका."

चाळीस मिनिटांची वाट होती. काकूंनी वाटेत मनाची सगळी तयारी केली. मेलेली रोपं, पोखरलेले पाइन, कमरेएवढी झुडपं. पाहायचं, 'नऊ वर्षं गेले नाही, सगळं वाया गेलं' असं खरं खरं लिहायचं आणि लोकांनी तोंडात बोटं घातली तर घालू द्यायची. साठावा फॉर्म तर होईल. वनतज्ज्ञ तर येईल. हद्दीच्या दगडापाशी पोचल्यावर त्या जरा थांबल्या, पदर खोचला आणि आत शिरल्या.

आत ऊन होतं.

काकूंना आधी वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच्या जंगलात शिरलो. पाइनमध्ये ऐसपैस अंतर होतं आणि मधल्या मोकळ्या जागांतून ऊन थेट जमिनीवर उतरलं होतं. किडीची झाडं वेळेवर काढलेली. पायवाट झाडलेली म्हणावी इतकी स्वच्छ. आणि त्या उन्हात ओक उभे होते. रोपं कसली, काकूंहून दोन हात उंच झालेली झाडं, प्रत्येकाच्या बुंध्याला हरणांनी साल खाऊ नये म्हणून जाळी गुंडाळलेली. काकू मोजू लागल्या. एकशे ऐंशीपर्यंत मोजले आणि पुढचे डोळ्यांतल्या पाण्यामुळे मोजता आले नाहीत.

वाटेच्या कडेला लाकडाच्या रांगा रचलेल्या होत्या, वर सालीचं छप्पर करून. प्रत्येक रांगेच्या टोकाला एका ओंडक्यावर सालाचा आकडा कोरलेला. नऊ रांगा. पहिल्या दोन कुजून भुगा झाल्या होत्या, शेवटची ताजी होती. एक ढलपीसुद्धा कुणी घरी नेली नव्हती.

"कोण रे हा शहाणा?" काकू मोठ्याने म्हणाल्या. दुसऱ्याच्या जंगलात न विचारता करवत चालवायची म्हणजे कायद्याने चोरीच. पण माल तिथेच ठेवून जाणाऱ्या चोराला काय म्हणावं ते त्यांना सुचेना. त्या एका खुंटाशी वाकल्या आणि सवयीने त्याच्या माथ्यावरून दोन बोटं फिरवली.

काप सपाट नव्हता. एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे बशीसारखा खोलगट, वाकडा गेला होता. काकू दुसऱ्या खुंटापाशी गेल्या. तसाच. तिसरा तसाच. नऊ वर्षांपूर्वीचा करडा पडलेला खुंट तसाच आणि दोन-तीन दिवसांपूर्वीचा, अजून चीक गळणारा, तोही तसाच. प्रत्येक काप एकाच बाजूला ओढलेला.

काकू त्या खुंटावर मटकन बसल्या. नऊ वर्षं त्या साखळीला त्यांनी स्वतःच्या हातांनी धार लावली होती. दर पंधरवड्याला वास घेतला होता. तो वास आपल्याच जंगलातल्या पाइनचा होता, आणि एवढी शेखी मिरवणाऱ्या त्यांना तेवढंच कळलं नव्हतं. मग त्यांना बुधवार आठवला. बारा. चाळीस. लाल झालेले कान. काकू त्या रिकाम्या जंगलात आधी स्वतःवर चिडल्या आणि मग एकदम हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी डोळे पुसले, गुडघ्यांवर हात टेकून उठल्या आणि अक्षरशः पळत सुटल्या.

दुकानात पोचल्या तेव्हा सव्वाचार झाले होते. साहेब दारातच उभे होते. सातही स्टुलं भरलेली होती, कारण 'कुणाला सांगू नका' असं गुरुजींनी दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवलं होतं. आणि डुगडुगत्या स्टुलावर, शुक्रवारी येतो म्हणालेले गप्पीदास साखळी घ्यायला येऊन बसले होते.

"साहेब, यांचा फॉर्म काढा," काकू धापा टाकत म्हणाल्या.

"बाई, एकदा घेतलेला फॉर्म..."

"काढा म्हणते ना!"

साहेबांनी काढला. काकूंनी तो गप्पीदासांच्या मांडीवर ठेवला आणि पेन हातात दिलं. "चाळीस खोडा. बारा लिहा. तुम्ही खरं सांगत होतात. चूक माझी होती."

मग बेकरीवाला म्हणाला, "काय म्हणालात काकू? पुन्हा म्हणा जरा," आणि गुरुजी म्हणाले, "तारीख लिहून ठेवा रे कुणीतरी," आणि एकच हशा झाला. काकूंनी तो होऊ दिला. हक्काचा होता लोकांचा.

"भावजी," हसू ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "नऊ वर्षं तुम्ही माझ्या जंगलात राबताय. का?"

गप्पीदासांनी बुटांकडे पाहिलं. "ओक सावलीत गुदमरत होते."

"मग मला सांगायचं नाही?"

"तुम्ही सगळ्यांना सांगायचात, जंगल छान आहे," गप्पीदास म्हणाले. एवढे शब्द त्यांनी सलग बोललेले कुणाला आठवत नव्हते, पण ते थांबले नाहीत. "तुम्ही कधी खोटं बोलत नाही. मग तेही खरंच असायला पाहिजे, असं वाटलं."

काकूंनी खुंटीवरचा एप्रन घेतला आणि उलटा बांधला.

"थंडी सुरू झाली की दर मंगळवारी जातो तो," मागच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. "खांद्यावर करवत टाकून. खिडकीतून दिसतो मला."

"अहो आई! मग बोलला का नाहीत?"

"मला कोण विचारतं? मला वाटलं तूच ठेवलायस त्याला कामावर. आणि गुरुजींनी चहात साखर घातली नाही."

काकूंनी आपला फॉर्म ओढला आणि आता पेन कुठे अडलं नाही. शेवटचे कधी गेलात? आज. त्याआधी? नऊ वर्षांपूर्वी. वर्षाला किती दिवस काम होतं? चाळीसातून बारा गेले, अठ्ठावीस. काम कोण करतं, या प्रश्नाला चार चौकोन होते: मालक, नातेवाईक, ठेकेदार, कुणीही नाही. काकूंनी चारही सोडले.

"साहेब, इथे पाचवा चौकोन काढू का?"

"काढा," साहेब म्हणाले. त्यांनी आता सूचनांचा नाद सोडला होता.

काकूंनी पट्टी लावून नीट चौकोन काढला, शेजारी 'भावजी' लिहिलं आणि आत ठसठशीत खूण केली. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. साडेचार.

"शेवटचा प्रश्न राहिलाय, बाई. पुढच्या पाच वर्षांत जंगलासाठी काय करायचा बेत आहे?"

काकू वळल्या. भिंतीवरची काकांची करवत उतरवून त्यांनी तिची गंजलेली साखळी काढली आणि तिच्या जागी नवी कोरी, दोन्ही बाजूंनी सारखी धारदार साखळी बसवली. मग गल्ल्याचा खण उघडून गप्पीदासांची कानस बाहेर काढली. गप्पीदासांनी ती घ्यायला हात पुढे केला. काकूंनी ती त्यांच्या हातात दिली नाही. आपल्याच पिशवीत टाकली.

"मंगळवारी किती वाजता निघता?" त्यांनी विचारलं.

"सातला."

"साडेसहाला निघू. तुमचे सगळे काप वाकडे आहेत."

आणि बेताच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: दर मंगळवारी, दोघं. धार मी लावणार.